मदत हवी आहे: कमला सोहोनी यांच्या आवडीनिवडींबद्दल कुठे वाचायला मिळेल?

नमस्कार मंडळी. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुली जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्यावर बोलणार आहेत. शिक्षणाचा भाग तयार आहे: 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नाकारलेला आणि कमलाबाईंनी ठाम राहून मिळवलेला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतला प्रवेश, 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी. कमलाबाईंना बटाट्यात सापडलेल्या सायटोक्रोम सी या, पेशींना ऊर्जा मिळवायला मदत करणाऱ्या प्रथिनाबद्दल सांगितल्यावर मुली डब्यातली भाजी निरखून बघत होत्या! मला स्वतःला त्यांचं नीरेवरचं (ताडाच्या गोड रसावरचं) काम सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते थेट गरीब मुलांच्या पोषणाशी जोडलेलं होतं.

पण "बाई, त्यांना काय आवडायचं?" या प्रश्नावर गाडी अडली आहे. इंटरनेटवर जिकडेतिकडे तोच मजकूर फिरतोय. त्या दुर्गाबाई भागवतांच्या बहीण, हे माहीत आहे. तालुक्याच्या वाचनालयातही शोधून झालं. मुंबईला जाऊन बघणं जमणार नाही. ऐकीव गोष्टी नकोत, छापील आधार हवा. इंग्रजी असलं तरी चालेल, मुलींना मी समजावून सांगेन.

त्यांचे छंद, वाचन, घरातलं वातावरण यांबद्दल कोणत्या लेखात, मुलाखतीत किंवा जुन्या दिवाळी अंकात काही आलं आहे का?