मानेत गाठ दिसत नसताना मानेची शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न (निफाड, जि. नाशिक)

माझे मामा द्राक्षबागायतदार आहेत, वय 56. जिभेच्या डाव्या कडेची जखम दोन महिने भरली नाही म्हणून तुकडा तपासला, तर कर्करोग निघाला. गाठ 2 सेंटिमीटरच्या आतली आहे आणि एमआरआयमध्ये मानेत काहीच आढळलेले नाही. तरीही नाशिकच्या शल्यचिकित्सकांनी जिभेबरोबरच मानेतील लसीकाग्रंथीही (लिम्फ नोड, जिथे हा रोग पसरू शकतो) काढण्याचा सल्ला दिला आहे. ओळखीचे दुसरे डॉक्टर मात्र ‘दर दोन महिन्यांनी तपासू, गाठ आली तर काढू’ असे म्हणतात. मामांची भीती निराळीच आहे. शेजारच्या गावातील एकाचा हात अशा शस्त्रक्रियेनंतर खांद्याच्या वर जात नाही, आणि मांडवाखाली छाटणी करणाऱ्याचा अख्खा दिवस हात वर करूनच जातो.

उत्तर 1 (कर्करोग शल्यचिकित्सक, नाशिक)

हाच प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हाती घेतला होता आणि डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूचा तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मानेत गाठ न जाणवणाऱ्या, सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांपैकी ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या त्यांच्यात तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण 80 टक्के होते, तर वाट पाहिलेल्या गटात ते 67.5 टक्के होते. ग्रंथीत शिरलेल्या मूठभर पेशी एमआरआयला दिसत नाहीत, हे त्यामागचे कारण. मात्र गाठ जिभेत 3 मिलिमीटरपेक्षा कमी खोल गेलेल्यांमध्ये हा फायदा स्पष्ट दिसला नव्हता, म्हणून आधी अहवालात गाठीची खोली किती ते पाहा. लांबीरुंदीपेक्षा ती महत्त्वाची आहे.

खांद्याविषयी सांगायचे तर, पूर्वीच्या सरसकट शस्त्रक्रियेत मानेचा मोठा स्नायू, मुख्य शीर आणि खांदा उचलणारी नस (मज्जातंतू) हे सारेच काढले जात असे. आता अशा रुग्णांत बहुधा हनुवटीखालपासून मानेच्या मध्यापर्यंतच्या, म्हणजे पहिल्या ते तिसऱ्या स्तरांतील (मानेच्या भागांतील) ग्रंथीच काढतात आणि ती नस राखतात. राखलेली नसही ओढली गेल्याने काही महिने दुबळी राहू शकते, हे मामांना आधीच सांगून ठेवा. ‘कोणते स्तर काढणार आणि नस राखणार का?’ असे शल्यचिकित्सकांना स्पष्ट विचारा. यात संकोचण्यासारखे काही नाही.

उत्तर 2 (सिन्नर)

माझी अशीच शस्त्रक्रिया झाली आहे. सुरुवातीला शर्ट घालताना डावा हात बाहीत जाईना. फिजिओथेरपिस्टने भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम दिला होता. कंटाळा करून मी तो पंधरा दिवस टाळला आणि तेवढाच मागे पडलो.

उत्तर 3 (मुंबई)

तिसरा मार्गही आहे. गाठीभोवती किरणोत्सारी द्रव्य टोचून ते सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचते ती पहिली ग्रंथी शोधतात आणि तिच्यात रोग असेल तरच बाकीच्या काढतात. फ्रान्स व जपानमधील तुलनांत या मार्गाने जगण्याचे प्रमाण कमी झाले नाही आणि खांदाही अधिक सांभाळला गेला. परंतु त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आणि पहिल्या ग्रंथीचे बारीक काप तपासणारा सरावलेला पॅथॉलॉजिस्ट लागतो. ही सोय नसेल तर त्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. एमआरआयमध्ये खोली 6 मिलिमीटर लिहिली आहे, त्यामुळे मानेचीही शस्त्रक्रिया करून घेत आहोत. नस राखणार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. यंदाची ऑक्टोबर छाटणी मजुरांकडून करून घ्यायला मामा कुरकुरत का होईना, तयार झाले आहेत.