लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड व्हर्च्युअल मशीनला दिल्यावर 'कोड ४३' येतो

प्रश्न

नमस्कार. मी यंत्रभागांच्या आरेखनाचे काम करतो. रोजचे सगळे काम डेबियन १२ या लिनक्सवर चालते, परंतु सॉलिडवर्क्स या आरेखनाच्या सॉफ्टवेअरला विंडोज लागत असल्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा लॅपटॉप बंद करून विंडोजमध्ये जावे लागते. ही ये-जा थांबावी म्हणून लॅपटॉपमधले जीफोर्स जीटीएक्स १६५० कार्ड केव्हीएमवरच्या (लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, चालवणारी सोय) विंडोज १० ला थेट देण्याचा प्रयत्न दोन आठवडे करत आहे. प्रोसेसर इंटेलच्या नवव्या पिढीचा, चार कोअरचा असून मेमरी १६ जीबी आहे.

बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचे आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांची मेमरीपर्यंतची पोच वेगळी ठेवणारी सोय) चालू केले, कर्नललाही आयओएमएमयू चालू ठेवण्याचा पर्याय दिला, आणि कार्ड व त्याच्या जोडीचे ऑडिओ उपकरण बूट होतानाच व्हीएफआयओच्या, म्हणजे उपकरण व्हर्च्युअल मशीनसाठी राखून ठेवणाऱ्या ड्रायव्हरच्या, ताब्यात दिले. दोन्ही एकाच आयओएमएमयू गटात (एकत्रच देता येणाऱ्या उपकरणांच्या गटात) आहेत व त्या गटात पीसीआय ब्रिजखेरीज दुसरे काही नाही. विंडोजला कार्ड दिसते, एनव्हिडियाचा ड्रायव्हर विनातक्रार बसतो, पण मशीन पुन्हा सुरू केले की डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण येतो आणि आत 'कोड ४३', म्हणजे अडचणीमुळे विंडोजने उपकरण थांबवल्याची खूण, लिहिलेले असते. जुन्या लेखांत सांगितल्याप्रमाणे गेस्टपासून (आतल्या विंडोजपासून) केव्हीएम लपवून पाहिले, हायपरव्हायजरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) विक्रेत्याचे नाव बदलून पाहिले. फरक पडला नाही. लॅपटॉपवर हे मुळात शक्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

शक्य आहे. गट स्वच्छ असणे ही अवघड पायरी तुमच्या बाबतीत आधीच पार पडलेली आहे.

केव्हीएम लपवण्याचा उपाय जुन्या ड्रायव्हरांसाठी होता. २०२१ मध्ये आलेल्या ४६५ मालिकेपासून एनव्हिडियाने जीफोर्स कार्डांसाठी विंडोज गेस्टमधला पासथ्रू (कार्ड थेट गेस्टला देणे) स्वतःच खुला केला, त्यामुळे आजच्या ड्रायव्हरवर कोड ४३ आला तर कारण बहुधा दुसरे असते, आणि लॅपटॉपमध्ये ते बॅटरीपासून सुरू होते. लॅपटॉपच्या कार्डाचा ड्रायव्हर वीजपुरवठ्याची स्थिती विचारतो, आणि क्यूएमूने (केव्हीएमबरोबर आभासी यंत्र उभे करणाऱ्या प्रोग्रामने) उभ्या केलेल्या मशीनमध्ये बॅटरी नावाचे काही नसल्यामुळे तो कार्ड सुरू करण्यास नकार देतो. यावर उपाय म्हणजे बॅटरी असल्याचे सांगणारा एक छोटा एसीपीआय तक्ता (यंत्रातल्या भागांची व विजेची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला देणारा) तयार करून तो क्यूएमूला जास्तीच्या पर्यायाने जोडणे. लिबव्हर्टच्या (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाच्या) एक्सएमएल फाइलमध्ये हे लिहिताना पहिल्या ओळीत क्यूएमूचे नेमस्पेस (क्यूएमूचे पर्याय ओळखू देणारी नोंद) त्याच वेळी घाला, नाहीतर जतन करताना तुमची ओळ टिकत नाही. त्याबरोबरच कार्डाचे सबसिस्टिम व्हेंडर आणि सबसिस्टिम डिव्हाइस हे दोन क्रमांक होस्टवर (बाहेरच्या डेबियनवर) जसे दिसतात तसेच गेस्टला द्या.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण पुढची सगळी वाट तिच्यावर ठरते. एलएसपीसीआय या उपकरणे दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत तुमचे कार्ड 'व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर' म्हणून येते की 'थ्रीडी कंट्रोलर' म्हणून? पहिले असेल तर एचडीएमआयचे पोर्ट बहुधा याच कार्डाला जोडलेले आहे आणि बाहेरचा मॉनिटर लावून काम होईल. दुसरे असेल तर लॅपटॉप मक्सलेस आहे. अशा लॅपटॉपमध्ये कार्डातून बाहेर पडणारी चित्राची एकही तार नसते. कार्ड चित्र तयार करून इंटेलच्या ग्राफिक्सकडे सोपवते आणि पडद्यावर तेच ग्राफिक्स दाखवते. शिवाय डेस्कटॉपच्या कार्डाचे व्हीबायोस (कार्ड सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कार्डावरच असते, तर इथे ते मदरबोर्डच्या बायोसमध्ये ठेवलेले असते आणि ड्रायव्हर ते एसीपीआयच्या वाटेने मागतो. बॅटरीच्या तक्त्याने काम झाले नाही तर व्हीबायोस वेगळे काढून ओव्हीएमएफमार्फत (गेस्टच्या बायोसमार्फत) गेस्टला पुरवावे लागेल. ते काम किचकट आहे, म्हणून आधी बॅटरीच करून पाहा.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. यादीत 'थ्रीडी कंट्रोलर' असेच लिहिलेले आहे. तक्ता जोडल्यावर मशीन सुरूच होईना, 'परवानगी नाकारली' एवढेच उत्तर येत होते. फाइलचे मालक आणि अधिकार तीनदा तपासल्यावर लक्षात आले की डेबियनमधले ॲपआर्मर (प्रोग्रामांवर निर्बंध घालणारी सुरक्षाव्यवस्था) क्यूएमूला ती फाइल वाचू देत नव्हते. त्याच्या स्थानिक नियमांत त्या फाइलचा मार्ग लिहिल्याबरोबर मशीन सुरू झाले आणि पिवळा त्रिकोण गेला. व्हीबायोसला हात लावावा लागला नाही. आता प्रश्न पडद्याचा आहे: कार्डाला तारच नसेल तर चित्र कुठे पाहायचे?

उत्तर २

रिमोट डेस्कटॉप हा सोपा मार्ग आहे, पण विंडोज १० च्या होम आवृत्तीत बाहेरून जोडणी स्वीकारता येत नाही, आणि सॉलिडवर्क्स ओपनजीएल या थ्रीडी चित्रप्रणालीवर चालत असल्याने माझा त्या मार्गावर भरवसा नाही. त्यापेक्षा गेस्टमध्ये आभासी पडद्याचा ड्रायव्हर बसवून लुकिंग ग्लास वापरावे. ते गेस्टमधले प्रत्येक चित्र सामायिक मेमरीतून होस्टवरच्या खिडकीत आणते. १९२० बाय १०८० च्या पडद्याला ३२ एमबी मेमरी पुरते.

पासथ्रू असलेल्या गेस्टची मेमरी पूर्णपणे अडकून राहते, म्हणजे ८ जीबी दिली तर मशीन चालू असेपर्यंत ती होस्टला परत मिळत नाही. यापेक्षा मोठी अडचण विजेची आहे. गेस्ट बंद असताना व्हीएफआयओ कार्डाला झोपवते आणि काही लॅपटॉपमध्ये ते नीट जागे होत नाही. तसे झाल्यास 'अननोन हेडर टाइप ७एफ' अशी ओळ दिसेल. व्हीएफआयओच्या मॉड्यूलला निष्क्रिय कार्ड झोपवू नये असा पर्याय देता येतो, पण मग कार्ड सतत जागे राहते आणि बॅटरी लवकर संपते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की ग्रबमध्ये (बूट होताना येणाऱ्या निवडीच्या यादीत) दोन नोंदी ठेवाव्यात: टेबलावर चार्जर लावून काम करताना व्हीएफआयओची, आणि प्रवासात नेहमीच्या ड्रायव्हरची. चालू असलेल्या एक्स सर्व्हरच्या (लिनक्सचा पडदा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हातून कार्ड काढून घेण्याच्या खटपटीत पडू नका. त्यात पडदा गोठतो आणि न जतन केलेले काम जाते.

आणखी एक. सॉलिडवर्क्सचा स्वतंत्र परवाना यंत्राशी बांधलेला असतो, आणि व्हर्च्युअल मशीन त्याच्या लेखी नवे यंत्र ठरते. जुन्या विंडोजमधून परवाना आधी परत करा, मगच तिचे डिस्कवरचे विभाजन पुसा.

प्रश्नकर्ता

शेवटची सूचना वेळेवर मिळाली, कारण मी ते विभाजन आजच पुसणार होतो. परवाना परत करून गेस्टमध्ये पुन्हा सक्रिय केला आहे. ७एफची ओळ दुसऱ्यांदा मशीन सुरू करताना आलीच. तो पर्याय दिल्यावर गेली, आणि ग्रबमध्ये दोन नोंदी केल्या आहेत. गेस्टला तीन कोअर आणि १० जीबी मेमरी दिली आहे. सुमारे दोनशे भागांची एक जोडणी लुकिंग ग्लासच्या खिडकीत उघडून फिरवून पाहिली. ती अडखळली नाही आणि शेजारच्या खिडकीत डेबियनमधला टर्मिनल तसाच चालू होता. फक्त पंखा पहिल्यापेक्षा मोठ्याने वाजतो, त्यासाठी लॅपटॉपखाली दोन बोटांची फट राहील असा लाकडी ठोकळा ठेवला आहे.