बाबांचं कोलेस्टेरॉल ९८, मावशीचं ४६०, दोघांनाही लिव्हरचाच आजार. हे कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दोन रिपोर्ट समोर घेऊन बसलेय आणि डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारते.

बाबांना सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार) आहे, दीड वर्षापूर्वी कळलं. आधी टोटल कोलेस्टेरॉल २३० च्या आसपास असायचं, गेल्या आठवड्यात आलं ९८. घरात सगळे खूश, बाबा तर म्हणाले बघा, एक गोळी न घेता उतरवलं! डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी ते पान सरळ उलटलं, पुढच्या पानावर अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) २.६ होतं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, दोन्ही एकाच कारणाने उतरलंय. बाहेर पेशंटची रांग, त्यामुळे पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

आता मावशी. तिला पीबीसी, म्हणजे लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांचा आजार. पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, कोलेस्टेरॉलचे पिवळट मऊ डाग आलेत, बिचारी महिनाभर टॉवेलने घासून काढायला बघत होती. खाणं दोघांचंही बेताचं. मग एकीकडे खाली आणि एकीकडे वर असं का? आणि मावशीला स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी) सुचवलंय, लिव्हर खराब असताना ते चालतं का?

प्रतिसाद १
मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. कोलेस्टेरॉल बऱ्यापैकी लिव्हर बनवतं, ते रक्तातून वाहून नेणारी प्रथिनंही बरीचशी तिथलीच, आणि अल्ब्युमिन तर फक्त तिथेच बनतं. सिरोसिसमध्ये बनवायची ताकदच जाते म्हणून सगळं एकदम उतरतं. ९८ बघून खूश व्हायचं नसतं ते यासाठी.

मावशींचं उलटं आहे. बनणं चालू, पण बाहेर जायची वाट तुंबलेली. जास्तीचं कोलेस्टेरॉल शरीराबाहेर जातं ते मुख्यतः पित्तातून, ते अडलं की पित्तातला माल रक्तात मागे येतो आणि त्यातून लायपोप्रोटीन-एक्स नावाचा वेगळाच कण तयार होतो. आता घोळ असा की रिपोर्टवरचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, बऱ्याचदा वजाबाकीने काढलेलं असतं (टोटलमधून एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीचा पाचवा हिस्सा वजा), त्यात हा कणही एलडीएल म्हणूनच धरला जातो. खऱ्या एलडीएलच्या कणात एपो-बी नावाचं प्रथिन असतं, या कणात ते नसतं. म्हणून एपो-बी टेस्टबद्दल विचारा, एलडीएल भरपूर आणि एपो-बी त्या मानाने कमी आलं तर उलगडा होईल.

प्रतिसाद २
मला फॅटी लिव्हर आहे, त्यात अजून तिसरंच, ट्रायग्लिसराइड ३१० आणि एचडीएल ३४ 😅 स्टॅटिन मी दोन वर्षं घेतेय. आजार स्थिर असेल तर सहसा देतात, मात्र पोटात पाणी, वाढती कावीळ अशी सिरोसिसची पुढची पायरी असेल तर डॉक्टर टाळतात नाहीतर डोस अगदी कमी ठेवतात. मावशींना कावीळ आहे का? आणि मनाने सुरूही करू नका, बंदही करू नका.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! मावशीला कावीळ नाही. एपो-बी कागदावर लिहून घेतलं, सोमवारी विचारते. बाबांच्या पोटात थोडं पाणी आहे, ते वर लिहायचं राहिलं. त्यांना हे कसं सांगायचं कळत नाहीये, सकाळपासून तिघांना फोन करून ९८ सांगून झालंय.