मदत हवी आहे: नवीन एआय-डेटा सायन्स की जुनं ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम)? प्लेसमेंटचा आकडा कसा तपासायचा?

मुळाकाठ: भाचीला एमएचटी-सीईटीत 91 पर्सेंटाइल आहेत. एका खासगी कॉलेजात दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली एआय-डेटा सायन्स ब्रांच मिळू शकते, दुसऱ्या जुन्या कॉलेजात ईएनटीसी. पहिलं कॉलेज 95 टक्के प्लेसमेंट सांगतंय. खरं किती धरायचं?

गवतफूल: त्या आकड्यावर जाऊ नका. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफची (केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगची) पीडीएफ शोधा आणि त्यात चार वर्षांच्या यूजीचा (पदवीचा) प्लेसमेंटचा तक्ता काढा. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मुलं, वेळेत पास झालेली, नोकरी लागलेली, मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) पगार, पुढे शिकायला गेलेली, असे रकाने एकाच ओळीत मिळतात. समजा 240 आत आली, 150 वेळेत सुटली, 90 जणांना नोकरी लागली. कॉलेजं बहुतेकदा टक्का काढतात तो फक्त ‘पात्र’ मुलांवर. बॅकलॉगवाली (विषय राहिलेली) त्यातून आधीच गळलेली असतात. तुम्ही 90 भागिले 240 करा. साडेसदतीस टक्के येतात. पगारही मीडियनच बघा, दोन-चार मोठ्या पॅकेजांनी सरासरी फुगते.

मात्र हा तक्ता अख्ख्या कॉलेजचा असतो. ब्रांचवार यादी टीपीओकडे (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे) मागा, कंपनीचं नाव आणि घेतलेल्या मुलांची संख्या असलेली. तुमच्या एआय ब्रांचची तर अजून बॅचच बाहेर पडलेली नाही, म्हणजे ते 95 टक्के दुसऱ्याच ब्रांचचे आहेत!

काळी_माती: नॅक आणि एनबीए ही दर्जाची मानांकनं: नॅक कॉलेजला मिळतं, एनबीए एकेका कोर्सला. ईएनटीसीला एनबीए आहे का आणि कधीपर्यंत, ते बघा. एआयची फॅकल्टी यादी कॉम्प्युटरच्या यादीशेजारी ठेवून नावं जुळवा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) 20 मुलांमागे एक शिक्षक या हिशोबाने 60 जागांच्या ब्रांचला दुसरं ते चौथं वर्ष मिळून 9 जण लागतात. तीच नावं दोन्हीकडे दिसली, तर माझ्या मते ईएनटीसीच घ्यावं.

मुळाकाठ: मनापासून आभार. मग एआय फक्त सीट धरून ठेवायला पसंतीच्या फॉर्मवर पहिल्या नंबरवर टाकू का?

गवतफूल: अजिबात नको. 2025च्या नियमांत कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ (पक्की) होत होती, दुसऱ्या फेरीत पहिल्या 3 पैकी, तिसरीत पहिल्या 6 पैकी. ती नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्या बंद. यंदाची माहितीपुस्तिका वाचून मगच फॉर्म कन्फर्म करा.

काळी_माती: कटऑफ बघताना भाचीच्या प्रवर्गाचाच कोड धरा: मुलींचा एलने सुरू होतो, शेवटी होम युनिव्हर्सिटीला (कॉलेज आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीत असेल तर) एच, बाहेरच्यांना ओ. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या जागेचा) चॉइस कोड वेगळा असतो. तो वेगळा भरला नाही तर ती सीट मिळत नाही.