वीस सेकंद राहिले असताना पोरीला मुद्दाम फाऊल करायला लावला, तो का?

द्राक्षवाला_दिंडोरी
राम राम मंडळी. मी तरुणपणी कबड्डी खेळलेला गडी, बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. मुलगी नाशिकच्या कॉलेजकडून खेळते, अकरा नंबर. परवा विद्यापीठाच्या स्पर्धेत पुण्याच्या एका कॉलेजशी मॅच होती, त्यांच्याच मैदानावर. द्राक्षबागेत छाटणी चालू, पेस्टिंग (काडीच्या डोळ्यांना औषध लावणं) राहिलेलं. ते मंडळींच्या गळ्यात टाकून पहाटे साडेचारला गाडी काढली.

तिसरा क्वार्टर संपला तेव्हा ४४-३१. त्यांच्या पोरांनी ढोल बडवून कान किटवले होते. आम्ही नाशिकवाले मोजून नऊ, ड्रायव्हर धरून. मग शेवटच्या दहा मिनिटांत सरांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या मैदानभर समोरच्यांना चिकटून अडवायचं. आमच्या पोरी त्यांना बॉल आतच टाकू देईनात! पास थेट आमच्या हातात यायला लागले. ढोल कधी थांबला ते कळलंही नाही.

वीस सेकंद राहिले. ५४-५३, ते एकाने पुढे, बॉल त्यांच्याकडे. सर ओरडले, "अकरा, फाऊल!" पोरीने त्यांच्या चौदा नंबरच्या हातावर फटका मारला. तिचा तो पाचवा, गेली बाहेर. टॉवेल डोक्यावर घेऊन बसली. माझं टाळकंच सरकलं. पुढचं मी पाहिलंच नाही, तिच्याकडे बघत बसलो. आपली माणसं अंगावर येऊन पडली तेव्हा समजलं, ५६-५५, जिंकलो.

पण बॉल हिसकायचा सोडून फाऊल कशाला? आणि चार फाऊल झालेल्या पोरीलाच पुढे का केलं? गाडीत विचारलं तर "पप्पा, तुम्हाला नाही कळायचं" म्हणाली आणि सिन्नरपर्यंत झोपली.

कॉलेजरोड_१२
काका, अभिनंदन! एरवी २४ सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो. पण घड्याळात वीसच उरले, म्हणजे त्यांनी नुसता बॉल फिरवला असता तरी खेळ खलास. फाऊल झाला की घड्याळ थांबतं. एका क्वार्टरमध्ये टीमच्या पाचव्या फाऊलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे, एकेका गुणाचे शॉट) मिळतात, आणि प्रेस खेळताना तुमचे चार केव्हाच भरले असणार. दोन्ही रिंगमध्ये गेले असते तरी तुम्ही तीननेच मागे आणि बॉल तुमचा. एक थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) बसला की बरोबरी.

२०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ड्यूकची कॉलेज टीम लुइव्हिलच्या घरी जाऊन, दहाएक मिनिटं उरलेली असताना २३ ने मागे होती. ७१-६९ ने जिंकली. तिथेही प्रेसनेच गणित फिरवलं. तुमची १३ ची पिछाडी म्हणजे काहीच नाही (हे आज बोलायला सोपं आहे).

कोथरूडकर
हरलेल्या बाजूचा मी. ढोलवाल्यांत माझा पुतण्या होता, त्याबद्दल माफी. आमच्याकडे प्रेस तोडणारी गार्ड (बॉल पुढे नेणारी खेळाडू) एकच, तिला पहिल्या मिनिटापासून एकदाही बसवलं नाही. चौथ्या क्वार्टरला तिचे पाय गेले. आमची चौदा नंबर रिंगखाली वाघीण, पण फ्री थ्रोचं विचारू नका. दोनातला एक गेला हेच नवल. तुमच्या सात नंबरने रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) घेऊन सुसाट जाऊन बास्केट केला, वर फाऊल मिळवून त्याचा फ्री थ्रोही टाकला. तो फाऊल नव्हताच असं माझं मत आहे, पण जाऊ दे.

जुनी_फॉरवर्ड
दादा, टीव्हीवर बघून वाटतं तसा फाऊल कुठेही मारता येत नाही. बॉलसाठी प्रयत्न केल्याचं दिसलं नाही तर रेफरी अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून केलेला) फाऊल देतो: फ्री थ्रोही त्यांचे, वर बॉलही त्यांचाच. घामाघूम झालेलं असताना, चार फाऊल डोक्यावर असताना बॉलवर नजर ठेवून हात घालणं हे डोकं शांत असलेल्या मुलीचं काम आहे. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा चुकलं. टॉवेल मात्र मीही असाच घ्यायचे.

द्राक्षवाला_दिंडोरी
आता पेटला दिवा. म्हणजे कबड्डीत डू ऑर डाय रेडला (गुण आणला नाही तर चढाईवालाच बाद) आपण कच्चा गडी पाठवतो आणि हुकमी चढाईवाला राखून ठेवतो, तसलंच काहीतरी.

हे सगळं सकाळी पोरीला वाचून दाखवलं. म्हणाली, चौदा नंबर फ्री थ्रोला कच्ची आहे हे सरांना तिनेच सांगितलं होतं. वॉर्मअपला पाहिलं होतं म्हणे. आणि मी तिकडे सरांवर दात खात बसलो होतो.

पुढची मॅच कुठे आहे ते कोणाला कळलं तर टाका रे. उद्या पेस्टिंग उरकतो.