घरी म्हशीचं दूध असताना मिल्क प्रोटीनचा डबा आणावा का? (मुलगी ६ वर्षं, तासगाव तालुका)

तासगावची_आई
नमस्कार. मुलगी ६ वर्षांची आहे, यंदा पहिलीत घातली. वजन १६ किलोवर अडकलंय. घरी म्हैस आहे, त्यामुळे दुधाला कमी नाही. सकाळी मोठा पेला दूध आणि बिस्किटं, शाळेतून आली की पुन्हा दूध, रात्री झोपताना पुन्हा. पण जेवायला बसली की चतकोर भाकरी कशीबशी खाते, कालवणाला बोट लावत नाही. "पोट भरलंय" म्हणते. चेहरा फिक्कट दिसतो, खेळायला गेली की बाकीच्या पोरींच्या आधी दमून बसते.

शाळेच्या ग्रुपवर एका पालकांनी मिल्क प्रोटीनच्या डब्याचा फोटो टाकला. व्हे आणि केसीन दोन्ही आहे, उंची वाढते, वजन भरतं असं लिहिलंय. डबा साडेसातशेचा. जाऊबाई म्हणतात आणूया, सासूबाई म्हणतात गोठ्यात म्हैस असताना डबा कशाला. मला दोघींचंही पटतं. कुणी दिलंय का? खरंच फरक पडतो का?

विट्याचा_दादा
आम्ही देतो. आमचं पोरगं नुसत्या दुधाला तोंड लावत नव्हतं, पावडर घातली की गटागटा पितं. त्रास काही झाला नाही. उंचीचं म्हणाल तर ते आत्ताच सांगता येणार नाही.

पलूसची_काकू
ताई, आमच्याकडे दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ मशीनवर दूध लावायचं काम माझं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही डेअरीला दूध घालत असाल तर पावती काढून बघा. फॅटच्या शेजारी एसएनएफचा आकडा असतो. दुधातलं पाणी आणि फॅट वगळून जे उरतं ते एसएनएफ: प्रोटीन, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि कॅल्शियमसारखे क्षार. गायीच्या ८.५ एसएनएफमध्ये सव्वातीनच्या आसपास प्रोटीन असतं, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. त्या प्रोटीनमधलं साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले हेच ते दोन. केसीनची पोटात गुठळी होते आणि ते सावकाश पचतं, व्हे लवकर पचतं. चीज करताना जी निवळी उरते ती गाळून, वाळवून व्हेची पावडर करतात. वस्तू चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण ती तुमच्या किटलीत आधीपासून आहे.

आता हिशेब करू. तुमचा पेला पाव लिटरचा धरला तर दिवसाला पाऊण लिटर दूध झालं. म्हशीच्या १०० मिलीत साडेतीन-चार ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे २६ ग्रॅमच्या वर गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, ७ ते ९ ला २३. म्हणजे भाकरीचा तुकडा मोडायच्या आधीच तुमच्या लेकीची गरज दुधातून भागलेली असते. त्यावर दोन चमचे पावडर घालून काय साधणार?

ताई, मला वाटतं तिला दूध कमी पडत नाही, जास्त होतंय. दुधानं पोट भरतं, भूक मरते आणि जेवण राहून जातं. दुधात लोह जवळजवळ नसतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसीन जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. फिक्कट चेहरा आणि लवकर दमणं वाचलं तेव्हाच माझ्या मनात हिमोग्लोबिन आलं. आधी ते तपासून घ्या. या वयात ११.५ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात.

दूध दोन लहान पेल्यांवर आणा. जेवणाच्या आधी आणि जेवणासोबत देऊ नका, दोन जेवणांच्या मध्ये द्या. बिस्किटं बंद करा. पहिले काही दिवस रडेल, रडू द्या. भूक लागली की अख्खा मसूर करा, आपल्याकडे इस्लामपूर-कराड पट्ट्यात पोरं तो आवडीनं खातात. तिखट कमी घाला आणि वर लिंबू पिळा, लिंबानं लोह चांगलं लागू होतं. हुलग्याचं माडगं, मेथीच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट, खात असाल तर अंडं. साडेसातशेत हे सगळं किती येईल बघा.

केंद्रावर बसून एक गोष्ट रोज बघते आणि जीव तुटतो. काही घरांत लेकरांसाठी कपभर ठेवून बाकी सगळं दूध कॅनमध्ये ओततात, आणि दहा दिवसांचं बिल हातात पडलं की त्यातूनच पोरांसाठी डबा घेतात. अशा घरांना मी स्पष्ट सांगते, डबा घेऊ नका, अर्धा लिटर दूध घरी ठेवा. तुमचं उलटं आहे, पण डबा दोन्हीकडे नकोच.

दादा, तुमच्या डब्याच्या मागची बाजू वाचा. घटकांत पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्ट दिसलं तर पोरगं चव कशाची घेतंय ते कळेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाईन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका असं सांगितलं. अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही. दूध पीत नसेल तर दही द्या, पनीर द्या. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं.

मिरजेची_सिस्टर
काकूंनी बरोबर सांगितलं. थोडी भर घालते. दुधाच्या प्रोटीनचा औषधासारखा उपयोग होतो, पण तो तीव्र कुपोषित बाळांसाठी. ६ महिने ते ५ वर्षांच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली गेला आणि सोबत आजारपण असलं की दाखल करतो. तिथे आधी एफ-७५ नावाचं दूध देतात, नंतर एफ-१००. एफ-७५ मध्ये १०० मिलीला एक ग्रॅमही प्रोटीन नसतं, ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. खंगलेल्या बाळाच्या शरीराला सुरुवातीला जास्त प्रोटीन झेपत नाही. तब्येत सावरली की एफ-१०० मधून जवळजवळ तिप्पट देतात. सगळं वजनावर मोजून. म्हणून "बारीक आहे, जास्त प्रोटीन द्या" असं घरच्या घरी ठरवू नका.

ताई, वजन कमी आहेच, पण उंची लिहिलेली नाही. दोन्ही वयाप्रमाणे वाढीच्या आलेखावर बघून घ्या. जंताची गोळी कधी घेतली होती तेही डॉक्टरांना सांगा.

कोरेगाव_सातारा
एक मुद्दा राहिला. माझ्या पुतण्याला दुधाच्या प्रोटीनचीच ॲलर्जी आहे. अंगावर गांधी उठायच्या, उलट्या व्हायच्या. सगळे म्हणायचे दूध पचत नाही. पण न पचणं हे लॅक्टोजचं, ॲलर्जी ही प्रोटीनची. अशा पोराला म्हशीचं किंवा शेळीचं दूधही बहुतेक वेळा चालत नाही, पावडर तर मुळीच नाही. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांनी एवढं तरी लिहावं.

तासगावची_आई
काकू, सिस्टर, मनापासून आभार. पेला मोजला, पाव लिटरहून थोडा मोठाच निघाला. संध्याकाळचं दूध आजपासून बंद केलं. सासूबाईंना वाईट वाटलं, पण हिशेब वाचून दाखवला तेव्हा त्याच म्हणाल्या, मसूर भिजत घाल. रक्त तपासायला उद्या नेते. शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी देतात, ती लोहाचीच ना? मी घरी पाठवा म्हणून सांगितलं होतं आणि दुधासोबत देत होते.

मिरजेची_सिस्टर
हो, लोह आणि फॉलिक ॲसिडची. दुधासोबत नको, चहासोबतही नको. जेवण झाल्यावर पाण्याबरोबर द्या. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. रक्ताचा रिपोर्ट आला की डॉक्टर कदाचित रोजचं औषध लिहून देतील, तेव्हा शाळेच्या गोळीचं त्यांना आवर्जून सांगा.