वडिलांसाठी ६.७ इंची फोन घ्यावा का? फोनच्या स्क्रीन अजून मोठ्या व्हायला हव्यात का?

प्रश्न – खानापूरकर

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे असून खानापूर तालुक्यातील आमच्या गावी राहतात. मी नोकरीनिमित्त बेळगावात टिळकवाडीला असतो. त्यांच्याकडे जुना ५.५ इंची फोन आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना लांबचे स्वच्छ दिसते, पण जवळचे वाचायला चष्मा लागतोच, आणि तो चष्मा नेमका हवा तेव्हा गोठ्यात नाहीतर देवघरात राहिलेला असतो. सकाळी ई-पेपर, दिवसभरात आलेले संदेश आणि अधूनमधून जमिनीचा उतारा, एवढाच त्यांचा वापर आहे. त्यांपैकी उतारा हे मोठे दुखणे आहे. तो तक्ता इतका रुंद असतो, की अक्षर वाचता येईल एवढा मोठा करावा तर एका टोकाचा रकाना दिसेपर्यंत दुसऱ्या टोकाचा स्क्रीनबाहेर गेलेला असतो.

म्हणून ६.७ इंची फोन घ्यायचे मी ठरवले आणि गेल्या रविवारी त्यांना दुकानात घेऊन गेलो. त्यांनी फोन हातात घेतला, सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून पाहिला, रोप लावताना वाकतात तसे थोडे वाकले, आणि फोन घसरून काउंटरवर पडला. "एवढी मोठी पाटी कशाला रे? चिखलात पडली की काढायला बेळगावहून तू येणार काय?" असे म्हणून ते दुकानाबाहेर पडले.

वयस्कर वाचकाला मोठ्या स्क्रीनचा खरोखर उपयोग होतो का, आणि फोनच्या स्क्रीन अजून मोठ्या व्हाव्यात असे आपल्याला वाटते का? माझे मत व्हाव्यात असेच आहे, पण वडिलांपुढे ते टिकलेले नाही.

उत्तर १ – दुरुस्तीवाला, शहापूर

मोबाइल दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे आधी इंचांचा घोळ सोडवतो. खोक्यावर छापलेला आकडा हा स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या रेषेचा असतो, त्यावरून रुंदी कळत नाही. आपल्या वडिलांच्या फोनची स्क्रीन जुन्या पद्धतीची, म्हणजे १६:९ प्रमाणाची (उंची १६ भाग, तर रुंदी ९ भाग) असेल, तर ती सुमारे ६८.५ मिलिमीटर रुंद आणि १२२ मिलिमीटर उंच भरते. २०१७ च्या सुमारास कंपन्यांनी १८:९ प्रमाण आणले आणि पुढे ते २०:९ पर्यंत गेले. या नव्या प्रमाणाची ६.७ इंची स्क्रीन जवळपास ७० मिलिमीटर रुंद आणि १५५ मिलिमीटर उंच असते. म्हणजे आकडा सव्वा इंचाने वाढला तरी रुंदीत दीड मिलिमीटरपेक्षाही कमी भर पडली. बाकी सगळी वाढ उंचीत गेली. ६.५ इंची घेतलात तर रुंदी जुन्या फोनपेक्षा किंचित कमीच मिळेल. गिऱ्हाइकाला हे पट्टी लावून दाखवले की तो माझ्याकडेच संशयाने पाहतो.

तेव्हा उभा धरलेला उतारा किंवा ई-पेपरचे पान नव्या फोनवर जुन्याइतकेच बारीक दिसणार आहे. फोन आडवा धरला तर फरक पडेल, कारण तेव्हा १२२ च्या जागी १५५ मिलिमीटर रुंदी मिळते. पण आडवे धरून वाचण्याची सवय वडिलांना आहे का, हे आपणच सांगू शकाल.

दुसरी गोष्ट अशी की संदेशांची अक्षरे मोठी करण्यासाठी नवा फोन लागत नाही. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार असे दोन वेगळे पर्याय असतात, आणि दुकानातून फोन घेतल्यापासून बहुतेकांनी ते उघडलेले नसतात. अँड्रॉइड १४ पासून अक्षरे दुपटीपर्यंत वाढवण्याची सोय आली आहे, बहुतेक जुन्या फोनमध्ये तेवढी वाढ मिळणार नाही. मात्र पीडीएफ आणि ई-पेपरचे छायाचित्ररूपी पान या सेटिंगला दाद देत नाही. तिथे फक्त प्रत्यक्ष रुंदीच कामाला येते.

मोठी स्क्रीन फुटली की आम्ही ज्याला कॉम्बो म्हणतो तो काच, टच आणि डिस्प्ले असा अख्खा संच बदलावा लागतो. भाताच्या शेतात वाकणाऱ्या माणसाच्या वरच्या खिशात तो ठेवू नये, हे वडिलांचे म्हणणे मला शंभर टक्के पटते.

उत्तर २ – निपाणीची शिक्षिका

प्रश्न वडिलांचा असला तरी "स्क्रीन अजून मोठ्या व्हाव्यात" या वाक्यावर मला हरकत घ्यायची आहे. मी निपाणीहून चिकोडीला रोज बसने जाते. एका हाताने वरची दांडी, खांद्याला पर्स, आणि उरलेल्या हातात असा फोन, ज्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत माझा अंगठा पोहोचत नाही. तो कोपरा गाठण्यासाठी फोन तळहातावर सरकवावा लागतो, आणि गतिरोधक नेमका त्याच क्षणी येतो. एका हाताने वापरण्याची सोय म्हणून स्क्रीनवरचा मजकूर खाली ओढून आणण्याची युक्ती कंपन्या देतात खऱ्या. पण वस्तू हातात मावत नाही हे त्यांनीच दिलेले कबुलीपत्र आहे, असे मी समजते.

हातात न मावणारा मोठा फोन कोणी विकत घेणार नाही, अशा अर्थाचे विधान ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्ये केले होते. त्यानंतर चारच वर्षांत त्यांच्याच कंपनीने ५.५ इंची फोन आणला. पुढे २०२० मध्ये ५.४ इंची मिनी काढून पाहिला, २०२१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि २०२२ मध्ये मिनीच्या जागी ६.७ इंची प्लस येऊन बसला. खप झाला नाही हे मला मान्य आहे. पण आज कमी किमतीत चांगला लहान फोन हवा म्हटले तर दुकानदार दाखवणार काय? ज्यांना मोठा हवा त्यांनी जरूर घ्यावा; माझी तक्रार लहान फोन नाहीसा झाल्याबद्दल आहे. साडीला खिसा नसतो आणि कुर्त्याला असलाच तर तो रुमालापुरता असतो, ही बाब स्क्रीनचे माप ठरवणाऱ्यांच्या गावीही नसावी.

उत्तर ३ – अक्षरजुळणी, वडगाव

दुरुस्तीवाल्या मित्रांनी दिलेली मापे बरोबर आहेत, परंतु उंची वाढून वाचकाला काही मिळाले नाही असे त्यावरून वाटत असेल, तर ते मला मान्य नाही. मी अनेक वर्षे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंतची जुळणी करतो. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, म्हणजे ओत्तक्षर, मुख्य अक्षराच्या खाली लटकतो. या लिपी मोकळेपणाने वाचायच्या तर दोन ओळींमध्ये अंतर लागते, आणि अक्षर मोठे केले की ते अंतरही वाढते. जुन्या १२२ मिलिमीटर उंचीच्या स्क्रीनवर अक्षर मोठे करून पाहा आणि कीबोर्ड उघडा: वर तीन-चार ओळी उरतात आणि उत्तर लिहिताना मूळ संदेश दिसेनासा होतो. आपल्या भागात तर एकाच गटात एक संदेश मराठीत आणि पुढचा कन्नडमध्ये येतो, त्यामुळे मागचा मजकूर डोळ्यांसमोर राहणे फार सोयीचे असते. लांबट स्क्रीन मला याच कारणासाठी आवडते.

अक्षराच्या स्वच्छतेकडेही लक्ष द्यावे. ६.५ इंची स्क्रीनवर ७२० × १६०० ठिपके (पिक्सेल) असतील तर इंचाला सुमारे २७० ठिपके पडतात, आणि १०८० × २४०० असतील तर सुमारे ४०५. 'ष्ट्र', 'द्ध', 'र्थी' यांसारखी अक्षरे बारीक आकारात पहिल्या स्क्रीनवर गढूळ होतात. स्वस्तातली मोठी स्क्रीन घेताना खोक्यावरचा हा आकडा अवश्य वाचावा.

आणि उताऱ्यासाठी म्हणाल तर फोनच नको. ८.७ इंची टॅब्लेट उभा धरला तरी त्याची स्क्रीन सुमारे ११३ मिलिमीटर रुंद असते. कोणताही साधा फोन तिथवर जात नाही.

प्रश्नकर्ता – खानापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी गावी गेलो तेव्हा पट्टी घेऊनच बसलो. वडिलांच्या सदऱ्याचा खिसा १३ सेंटीमीटर खोल आहे. जुना फोन कव्हरसह साडेपंधरा सेंटीमीटर आहे, म्हणजे तोही आजवर खिशाबाहेर डोकावतच होता. फक्त तो हलका असल्यामुळे घसरत नव्हता. दुकानातला फोन त्याहून सेंटीमीटरभर लांब होता, पण घसरला तो वजनाने.

जुन्या फोनवरची अक्षरे सर्वांत मोठी करून दिली. संदेश आता चष्म्याशिवाय वाचता येतात, मात्र वडगावच्या मित्रांनी म्हटल्याप्रमाणे कीबोर्ड उघडला की काहीच दिसत नाही. तेव्हा ते लिहिण्याऐवजी बोलून पाठवू लागले आहेत. शेजाऱ्यांच्या मुलाचा टॅब्लेट मागून आणला आणि त्यावर उतारा उघडला. वडिलांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न सरकवता वाचला आणि आमच्या सर्व्हे नंबरातल्या एका नावावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले, तो विषय वेगळा.

आता जुना फोन खिशात आणि टॅब्लेट घरी असा विचार आहे. एकच शंका उरली आहे: सिम घालता येणारा टॅब्लेट घ्यावा, की फोनच्या हॉटस्पॉटवर भागवावे?

उत्तर ४ – दुरुस्तीवाला, शहापूर

हॉटस्पॉटने पैसे वाचतील, पण तो सुरू करायचे काम दर वेळी वडिलांना जमेल का, ते आधी दोन दिवस करून पाहा. शिवाय जुन्या फोनची बॅटरी थकलेली असेल तर हॉटस्पॉटवर ती दुपारपर्यंतही टिकणार नाही. येताना तो फोन घेऊन या, बॅटरी तपासून देतो. बॅटरी कमजोर निघाली आणि बदलायची नसेल, तर सिमचाच टॅब्लेट घ्या.